खंडारे मास्तरांचे दात

वरचे चार दात पडले त्या वर्षी
मास्तरांनी सॅक्सोफोन पेटीत ठेवला.
आर्वीच्या डॉक्टरनं कवळी बसवून दिली,
तिनं सुपारी फुटायची, सूर धरायचा नाही.
"चाळीस वर्सं ओठानं खाल्लं," म्हणाले,
"आता हिरड्यायनं शिकवतो."

बंद पडलेल्या जिनिंगची शेड.
कोपऱ्यात जुनी सरकी, तिच्यात उंदरांची पोरं.
आम्ही सहा जण. पाच मुलं बँडवाल्यांच्या घरची,
सहावी मी, उइक्यांची चंद्रकला,
मला बानं पाठवलं होतं शिवणाला.
शिवणाचा क्लास शेजारच्याच खोलीत होता.
दोन महिने मी काजं करत
भिंतीपलीकडचं ऐकलं,
मग एका बुधवारी दार चुकले.

पहिल्या दिवशी क्लॅरनेट हातात दिलंच नाही.
चुन्याची रेघ मारली, म्हणाले, लंगडी घाल.
घातली.
"पाय टेकतो ते लांब, उडतो ते आखूड.
दोनी सारखे नाहीत ना?
बस. कलकत्त्याले याचे पैसे भेटत."

कलकत्त्यात सात वर्षं ते डेव्हिड होते.
हॉटेलच्या पाटीवर तेच नाव,
काळा कोट मालकाचा, भाडं पगारातून.
त्याच्याही आधी पुलगावच्या रेल्वे क्वार्टरात
मॅक्लीन नावाच्या गार्डनं त्यांना फुंकायला शिकवलं,
कुत्रा फिरवण्याच्या मोबदल्यात:
आठवड्याला सहा फेऱ्या, एक गाणं.
आई अंथरुणाला खिळली तेव्हा डेव्हिडचा पुन्हा दौलत झाला.
मग देवळी, कारंजा, तळेगाव,
मांडवाच्या बाहेर उभं राहून लग्नं,
जेवण पंगती उठल्यावर.
वराती मागायच्या तीच चार गाणी.
ते वाजवत. तिसऱ्या कडव्यानंतर मात्र
कुणाच्या ध्यानात येणार नाही इतकंच
रस्ता सोडून बांधावर चढत,
तुरीतून, पऱ्हाटीतून आडवे जात,
आणि घोडा मांडवाशी पोचायच्या आत
समेवर हजर.

पुलगावच्या गिरणीचा भोंगा त्यांना आठवायचा.
तो कोमल गंधारात नव्हता, शुद्धातही नव्हता,
मधल्या बोळात राहायचा.
"पेटीवाल्याले इचारलं, हा सूर कोनता?
थो म्हने, बेसूर.
गार्ड म्हने, हाच तर पायजे."
तो वाजवून दाखवता येईना,
म्हणून कवळी खिशात टाकून
गालात हवा भरून गुणगुणत,
थुंकी उडे, गंगाधर हसे,
आणि आम्ही सहा जण सहा जागी तो शोधत असू.
मला सापडला पाचव्या महिन्यात, चुकून.
पत्ती तडकलेली होती.
मास्तर उठून उभे राहिले, बोलले काहीच नाहीत.
शेजारची शिलाई मशीन थांबली होती.
घरी कळलं ते त्या दिवशी.

गंगाधर आता नागपूरला डीजे लावतो.
म्हणतो, बटणं दाबतानाही
मास्तरचं लांब-आखूड बोटातून जात नाही.
मी आश्रमशाळेत, हुद्दा अधीक्षिका.
संगीताचा तास वेळापत्रकात नाही,
तो मी रात्रीचा भात शिजेपर्यंत घेते.
परवा एका मुलीनं विचारलं,
मॅडम, इथं काय वाजवू?
कागदावर नुसती मोकळी जागा आहे.
माझ्या तोंडून भलतंच निघालं:
"ते तुयं घर हाय. झाडून घे, मंग बस."

ती झाडत राहिली.
एक फुंकर, पुन्हा एक, सूर अजून नाही.
आत भात उतरवल्याचा आवाज झाला.
कुणी उठलं नाही.